डेकवरची वाळू

बागायती वाडीत राहणाऱ्या वाचकांना निसरड्या जागेची ओळख विहिरीच्या पायऱ्यांवर होते. श्रावणात दगडांवर शेवाळ धरते आणि जन्मभर त्याच पायऱ्या उतरणाऱ्या माणसाचाही पाय एखाद्या सकाळी सरकतो. तो विहिरीला दोष देत नाही. "माझंच लक्ष नव्हतं" असे म्हणून कपडे झटकतो. आम्ही बंदरावरची माणसेही कित्येक वर्षे असेच म्हणत आलो. होडीवर कोणी घसरला तर तो धांदरट ठरे, चार दिवस त्याची थट्टा होई आणि विषय संपे. आपल्या पायाखालचा निसरडा पृष्ठभाग काही शेवाळासारखा आपोआप उगवलेला नाही, तो आपणच निवडलेला, पैसे मोजून आणलेला आणि हौसेने लावलेला आहे, हे आमच्या ध्यानात यायला एका माणसाचा गुडघा फुटावा लागला.

आमची होडी तीन भावांच्या सामाईक मालकीची. लांबी पंचेचाळीस फूट, मासेमारी डोलीची. डोल म्हणजे पाण्यात खांबांना किंवा नांगरांना बांधून ठेवलेले पिशवीसारखे लांबलचक जाळे. भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी त्यात शिरते आणि ओढ मंदावली की जाळे उचलून होडीवर रिकामे करायचे. उधाणाच्या दिवसांत हे काम रात्रंदिवस चालते. बोंबील, करंदी, मांदेली, ढोमा असा ढीग डेकवर, म्हणजे होडीच्या वरच्या सपाट मजल्यावर, ओतला जातो आणि तेथेच निवडला जातो. बोंबलाच्या अंगात मांसापेक्षा पाणीच अधिक, त्यातून त्याचा चिकटा. त्या चिकट्यात समुद्राचे पाणी, वितळलेला बर्फ आणि इंजिनाकडून कोणाच्या तरी पायाला लागून आलेले डिझेल मिसळले की जे काही तयार होते, त्यावर उभे राहून, हलत्या होडीत, अंधारात माणसाने ओले जाळे ओढायचे असते.

आमच्या आजोबांच्या काळी होड्यांना वर रंग नसे. सागाच्या उघड्या फळ्या उन्हाने व खाऱ्या पाण्याने करड्या पडत, त्यांच्या मऊ रेषा झिजत व कठीण रेषा वर येत आणि त्या बारीक उंचवट्यांवर पाऊल आपोआप धरून राही. जुन्या इंग्रजी युद्धनौकांवरही लाकडी डेक रंगवीत नसत. वाळू व पाणी टाकून दगडाने घाशीत. या दगडाला 'पवित्र दगड' म्हणत. त्यातल्या मोठ्या दगडाला खलाशी 'बायबल' आणि कोपऱ्याकानाकोपऱ्यांत घासायच्या लहान तुकड्याला 'प्रार्थनापुस्तक' म्हणत, कारण तो गुडघे टेकून वापरावा लागे! मुंबईच्या गोदीत मलबारी सागाची बांधून १८१७ साली पाण्यात उतरवलेली 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत आहे. त्या जातीचा साग आता आमच्यासारख्यांच्या आवाक्यात राहिलेला नाही. फळ्या कुजू लागल्या तेव्हा आम्ही त्यांच्यावर मरीन प्लायवूड ठोकले आणि वरून फायबरचे अस्तर घातले. पाणी आत झिरपणे थांबले. त्याबरोबर लाकडाची पकडही गेली, याकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही.

त्यावर आम्ही काय केले? तर २०१६ च्या पावसाळ्यात चकचकीत हिरवा ऑइल पेंट लावला. नवा हंगाम सुरू होण्यापूर्वी फादर होड्यांना आशीर्वाद द्यायला येतात, त्या दिवशी आमची होडी रांगेत उठून दिसावी ही एकच इच्छा होती. दिसलीही. पताका, फुले आणि आरशासारखा डेक. फादरांनी पवित्र पाणी शिंपडले तेव्हा त्याचे थेंब त्या रंगावर मोत्यांसारखे गोळा होऊन राहिले. आमच्या थोरल्या वहिनी कौतुकाने म्हणाल्या, "बघा, पाणीसुद्धा धरत नाही!" पाण्याला जे धरत नाही ते पावलाला कसे धरील, हा विचार त्या आनंदात कोणालाच सुचला नाही.

नोव्हेंबरात, पहाटेच्या उचलीला, आमचा खलाशी घसरला. जव्हारकडचा हा माणूस बारा हंगाम आमच्याबरोबर होता. जाळ्याचा भार एकदम आला, त्याचा उजवा पाय पुढे गेला आणि बर्फाच्या खणाच्या लोखंडी कडेवर गुडघा आपटला. गुडघ्याची वाटी फुटली. किनाऱ्यावर यायला साडेतीन तास लागले. ते साडेतीन तास आम्ही येथे वर्णन करणार नाही. शस्त्रक्रिया झाली, तार घातली गेली, तो चालू लागला; पण उकिडवे बसणे कायमचे गेले आणि उकिडवे बसता न येणाऱ्या माणसाला डोलीच्या होडीवर काम नसते. तेव्हापासून तो आमच्या अंगणात स्टुलावर बसून जाळी विणतो.

त्याला भेटायला गेलो असता आम्ही नेहमीचेच बोललो, की जरा जपून पाऊल टाकायचे होते. तो काही वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "नाखवा, तुमच्या पायात बूट होते. बुटाला रंग काय समजतो?"

खरे होते. आम्ही तिघे भाऊ गमबूट घालतो. तळव्याच्या खाचांतून पाणी बाहेर पडते आणि रबर थोडेफार धरते. खलाशांनाही आम्ही बूट दिले होते, परंतु ते अनवाणीच राहणे पसंत करीत. पायाला दोर लागलेला कळतो, आणि समुद्रात पडल्यास बुटात पाणी भरून माणूस खाली जातो, अशी त्यांची धारणा. त्यांच्या अनवाणी पायांखाली काय आहे, हे हिरवा रंग निवडताना आम्ही त्यांना विचारले नव्हते. विचारण्यासारखे त्यात काही आहे असेच वाटले नव्हते.

तो हंगाम गोणपाट अंथरून काढला. दोन उचलींत गोणपाट चिकट्याने भिजून स्वतःच सरकू लागे. रबराच्या चटया आणल्या, तर त्यांच्याखाली पाणी साचून दुर्गंधी सुटली. मग कोणीतरी सुचवले की रंगात वाळू मिसळून लावा. आमच्या दारातच समुद्र, दारातच वाळू. यापेक्षा स्वस्त उपाय कोणता? २०१७ च्या जुलैत, ताडपत्रीच्या आडोशाला, आम्ही दोन डब्यांचा इपॉक्सी रंग आणला, किनाऱ्यावरची वाळू चाळून त्यात टाकली आणि दोन दिवसांत डेक उरकला.

नाताळपर्यंत तो पापुद्र्यांनी सुटू लागला. जागोजागी भाकरीला येतात तसे फुगे आले. नखाने फोडले की आतून खारट पाणी निघे. एका फटक्यात आम्ही किती चुका केल्या होत्या, याचा हिशेब नंतर लागला. किनाऱ्याची वाळू धुतलेली नव्हती. तिच्यातले मीठ लेपाखाली गेले, आणि मीठ ओलावा ओढते. लेपातूनही ते हळूहळू पाणी खेचून घेते व फुगा धरते. होडीला समुद्रापासून वाचवण्यासाठी जो लेप लावायचा, त्यातच आम्ही समुद्र कालवला होता. शिवाय त्या वाळूत निम्मे शिंपल्यांचे तुकडे. ते पायाखाली भुगा होतात. जुलैच्या दमट हवेत इपॉक्सीचा थर वाळताना त्यावर मेणासारखा एक चिकट थर येतो. तो धुऊन न काढता दुसरा हात मारला तर दुसरा हात पहिल्याला धरतच नाही. आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे जुन्या चकचकीत रंगावरच आम्ही हे सारे रचले होते. ज्याला खालचेच धरत नाही ते वरचे काय धरणार?

यानंतर मात्र आम्ही शहाण्यासारखे वागलो, असे थोड्याशा अभिमानाने सांगता येईल. जानेवारीत मुंबईला जाऊन बोटींच्या सामानाच्या दुकानातल्या एका वृद्ध विक्रेत्याला गाठले. त्याने माल दाखवण्याआधी प्रश्न विचारले. डेकवर मासळी ओतता की टोपल्यांत घेता? जाळे हाताने ओढता की यंत्राने? पाय उघडे की बुटात? आम्ही थक्क झालो. "सर्वांत टिकाऊ कोणता ते सांगा" एवढेच विचारायला आम्ही गेलो होतो. तो म्हणाला, सर्वांत टिकाऊ आणि सर्वांत खरखरीत कण हवे असतील तर ॲल्युमिनियम ऑक्साइडचे घ्या, सहाणेच्या जातीचे, वर्षानुवर्षे झिजणार नाहीत. पण ते तुमचे जाळेही खातील आणि माणसाचे गुडघेही. प्लास्टिकचे गोल दाणे पायाला मऊ, पण यंत्राजवळ लोखंडी सामान घसटते तेथे ते लवकर उडतात. मधला मार्ग गारेच्या वाळूचा. पाणी गाळण्याच्या टाक्यांत घालतात ती, धुतलेली, वाळवलेली, एकाच आकाराची, पोत्यात मिळणारी.

चार प्रकार थोडेथोडे आणून आम्ही चार फळ्या तयार केल्या. पाचवी जुन्या हिरव्या चकचकीत रंगाची. प्रत्येकीवर बोंबलाचा चिकटा फासला, थोडे डिझेल ओतले, आणि एक टोक जमिनीवर ठेवून दुसरे हळूहळू उचलत गेलो. फळीवर आमच्या खलाशाचा जुना रबरी बूट, आत दगड भरून. नंतर ओल्या चामड्यात गुंडाळलेली वीट, उघड्या पावलाऐवजी. थोरल्या भावाचा मुलगा तेव्हा कॉलेजात शिकत होता. वस्तू ज्या उतारावर सुटते त्या उतारावरून पृष्ठभागाचे घर्षण मोजता येते, हे त्याने आम्हांला समजावले. आम्ही आकडे काढले नाहीत, भिंतीवर खडूने रेघा मारल्या. हिरव्या फळीची रेघ इतकी खाली आली, की खलाशी स्टुलावरून ती पाहत राहिला आणि आम्हांला त्याच्याकडे पाहवेना.

यातून एक गोष्ट लख्ख कळली. पाऊल आणि रंग यांच्यामध्ये पाण्याचा किंवा चिकट्याचा जो पातळ पडदा असतो, तो भेदून कणाचे टोक तळव्यापर्यंत पोहोचले तरच पकड येते. अगदी बारीक वाळू पडद्याखाली बुडून जाते. म्हणून पाण्याने ओली असताना जी फळी उत्तम वाटली, तीच चिकटा फासल्यावर फसवी निघाली. कण सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा तरी हवा. पण कण मोठा व धारदार झाला की दुसरे नुकसान सुरू होते. त्याच फळ्यांवरून आम्ही नायलॉनच्या जुन्या जाळ्याचा तुकडा शंभर वेळा ओढला. ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या फळीवर त्याचे तंतू केसाळ होऊन तुटू लागले. जाळ्याला गुळगुळीत हवे, पायाला खरखरीत; आणि होडी तर एकच.

यावरचा उपाय आमच्या आईने सुचवला, तोही रागाच्या भरात. फळ्यांचा वास घरात यायला लागल्यावर ती बाहेर आली, एका खरखरीत फळीवरून बोट फिरवले, नखात अडकलेले खवले आम्हांला दाखवले आणि म्हणाली, "हे धुवायचं कोणी? सगळी होडी किसणीसारखी करून ठेवाल, नि मग घासायला त्या पोरांनाच बसवाल. जिथं पाय ठेवायचा तिथंच घाला की!" आम्ही एकमेकांकडे पाहिले. त्याच संध्याकाळी होडीवर जाऊन खडूने नकाशा आखला. जाळे ज्या कडेवरून आत येते ती पट्टी आणि मासळी ओतायचा चौक गुळगुळीत ठेवायचा. जाळे ओढणारे ज्या ओळीत उभे राहतात ती ओळ, यंत्राभोवतालची जागा, केबिनच्या दारासमोरचा तुकडा, खणाच्या तोंडाची चारही अंगे आणि नाळेकडे नांगरापाशी जाणारी वाट, इतकी जागा वाळूची. रेघा आम्ही आखल्या नाहीत. खलाशाला उचलून होडीत बसवले आणि त्याने दोघां तरुण पोरांना उभे करून, त्यांचे पाय कोठे पडतात ते पाहून आखायला लावल्या. पुढे पुतण्याने एक माहिती आणली. १९७७ साली स्पेनमधील तोरेमोलिनोस येथे मासेमारी जहाजांच्या सुरक्षिततेविषयी जो आंतरराष्ट्रीय करार तयार झाला, त्यातही यंत्रांजवळ, मासळी हाताळण्याच्या जागी, शिड्यांच्या टोकांशी व दारांसमोर न घसरणारा पृष्ठभाग असावा असे म्हटले आहे. तो करार २४ मीटर व त्याहून लांब जहाजांचा, आमची होडी त्यात बसत नाही. मासळीच्या जागेबाबत आमचे त्या कराराशी थोडे जमलेही नाही. पण बाकीची यादी आमच्या खडूच्या रेघांशी इतकी जुळली, की आईला ती वाचून दाखवावीशी वाटली.

राहिला प्रश्न वेळेचा. यांत्रिक होड्यांना १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस बंदी असते, आणि रंगरंगोटी सर्वजण त्या दिवसांतच करतात, कारण होड्या शाकारलेल्या असतात. परंतु लेपाला हेच दिवस सर्वांत वाईट. कोरडी हवा हवी तर मे महिन्यातच होडी वर काढायला हवी. म्हणजे पंधरा दिवसांची मासेमारी सोडायची. तीही कोणती? पावसाळ्याच्या बेगमीसाठी सुक्या मासळीला गिऱ्हाईक असते ते दिवस. धाकट्या भावाच्या मुलीचे कॉलेजचे शुल्क त्याच पैशांतून भरायचे होते. आमच्यात वाद झाला आणि तो साधा नव्हता. आठवडाभर दोन घरांतले जेवण वेगळे झाले. शेवटी धाकट्याची बायको म्हणाली, "शुल्क आम्ही दोन हप्त्यांत भरू. त्यांचा गुडघा हप्त्यांत भरता येतो का?" यावर कोणाकडे उत्तर नव्हते. २०१८ च्या मेमध्ये, शेजारच्या होड्या बाहेर जात असताना, आमची एकटीच वर आली.

काम अकरा दिवस चालले. प्रथम साबणाच्या पाण्याने डेक धुतला, घासण्यापूर्वी, कारण तेलकट पृष्ठभाग तसाच घासला तर तेल घासपेपरच्या ओरखड्यांत अधिकच मुरते. मग हिरवा रंग पार खरवडून फायबर खरखरीत केले. नंतर त्यावर गोडे पाणी ओतून पाहिले: पाणी सलग पसरले तर डेक स्वच्छ, थेंबाथेंबांनी गोळा झाले तर तेल अद्याप आहे. दोन ठिकाणी ते मोत्यांसारखे गोळा झाले. आशीर्वादाच्या दिवसाची आठवण होऊन थोरल्या वहिनींनी मुकाट्याने फडके हातात घेतले. वाळल्यावर इपॉक्सीचा हात. दोन्ही डब्यांतले मिश्रण नेमक्या प्रमाणात आणि थोडे थोडेच कालवावे लागते. मेच्या उन्हात कालवलेला डबा हातात असतानाच तापू लागतो आणि अर्ध्या तासात दगड होतो. आमचे दोन डबे असे फुकट गेले. वाळू या वेळी रंगात मिसळली नाही, कारण ती डब्याच्या तळाशी बसते. ओल्या थरावर चाळणीतून, हात उंच धरून, खालचा रंग दिसेनासा होईपर्यंत पेरली. चाळण वहिनींच्या स्वयंपाकघरातली, पिठाची. दुसऱ्या दिवशी सुटी वाळू झाडून घेतली आणि वर पॉलियुरेथेनचे दोन हात दिले. इपॉक्सी उन्हात खडूसारखी भुकटी धरते, म्हणून हे आवरण लागते. त्याचा वाफारा छातीला वाईट, तेव्हा नाकातोंडाला मास्क. पाणी जाण्याच्या भोकांभोवती चार बोटे जागा गुळगुळीत राखली, नाहीतर घाण तेथेच अडते. रंग फिकट करडा निवडला. गडद डेक उन्हात तापून अनवाणी पाय भाजतात, आणि पांढऱ्याने डोळे दिपतात. शेजारी म्हणाले, सिमेंटची जमीन केलीत की काय! होडी रांगेत मुळीच उठून दिसली नाही.

त्यानंतरच्या हंगामांत आमच्या होडीवर कोणीच पडले नाही, असे लिहिता आले असते तर आवडले असते. एक पोर पडले, मासळीच्या चौकातून वाळूच्या ओळीवर येताना. गुळगुळीतावरून सरकता पाय एकदम धरला गेला आणि तोल पुढे गेला. तळहात सोलले, एवढ्यावर निभावले. त्यावरून आम्ही दोन्हींच्या सीमेवर अंगठ्याएवढी पिवळी रेघ मारली. धुण्याच्या बाबतीत आईचे म्हणणे खरे ठरले. काथ्याच्या ब्रशाने घासल्याशिवाय खवले निघत नाहीत, आणि हे काम खलाशांनाच करावे लागते. आम्ही भाऊ पाळीने त्यात हात घालतो. नेहमी घालतो असे मात्र म्हणवत नाही.

वाळूचा थर अजून तोच आहे, वरचे आवरण दर तीन वर्षांनी नवे द्यावे लागते. यंत्राच्या डाव्या अंगाला, जेथे ओढणाऱ्याची टाच रुतते, तेथे कण झिजून हातभर जागा पुन्हा गुळगुळीत झाली आहे. पावसाळ्यानंतर खलाशी काठी टेकत होडीत आला होता. बूट काढून त्याने त्या जागेवर तळवा फिरवला आणि खडू मागितला. यंदाच्या मेमध्ये तेवढा तुकडा करायचा ठरले आहे. वाळूचे अर्धे पोते पडवीत आहे. चाळण मात्र वहिनींनी परत नेली असून, ती पुन्हा देणार नाही असे त्यांनी बजावले आहे. नवी विकत घ्यावी लागेल.